ओळखीची फाइल, अनोळखी फाइल: हॅशवरून सॉफ्टवेअर ओळखण्याची पद्धत

परभणी जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेची देखभाल मी काही वर्षे करीत होतो. तालुक्याच्या ठिकाणी इंटरनेटचा वेग तेव्हा इतका कमी होता की मोठे सॉफ्टवेअर हवे असल्यास कोणीतरी नांदेडला जाऊन ते पेन ड्राइव्हवर घेऊन यायचे, आणि मग तोच पेन ड्राइव्ह वर्षभर सगळ्या संगणकांवर फिरायचा. एका सत्राच्या सुरुवातीला एकाच इन्स्टॉलरच्या तीन प्रती आमच्याकडे निघाल्या: एक पेन ड्राइव्हवर, एक सर्व्हरवरील फोल्डरमध्ये आणि एक विभागप्रमुखांच्या संगणकावर. तिन्हींचे नाव एक होते आणि आकारही शेवटच्या बाइटपर्यंत एक होता. तरीही पेन ड्राइव्हवरून इन्स्टॉल करताना काम मध्येच अडकत असे, आणि आम्ही कित्येक दिवस संगणकांच्या रॅमला दोष देत राहिलो. शेवटी तिन्ही फाइलींचे हॅश, म्हणजे फाइलच्या आशयावरून गणिताने काढलेले ठसे, काढले, तेव्हा दोन प्रतींचे हॅश तंतोतंत जुळले आणि पेन ड्राइव्हवरील प्रतीचा हॅश वेगळा आला. पेन ड्राइव्हची मेमरी खराब होऊन फाइलच्या पोटातील काही बाइट बदलले होते; आकार मात्र तसाच राहिला होता.

मोंढ्यात तुरीचे पोते काट्यावर ठेवले की वजन कळते, पण आत सगळी तूर आहे की तळाशी माती भरली आहे, हे काट्याला कळत नाही. त्यासाठी पोत्यात टोकदार नळी खुपसून नमुना काढावा लागतो. फाइलचा आकार म्हणजे हे वजन आहे. हॅश मात्र नमुना काढूनही थांबत नाही. तो पोत्यातील दाणा न् दाणा हिशेबात घेतो, आणि एकही दाणा बदलला तर वेगळे उत्तर देतो. या गुणामुळेच हॅशचा उपयोग करून ‘ही फाइल अमुक सॉफ्टवेअरची आहे, आणि ती मूळ स्वरूपातच आहे’ असे खात्रीने सांगता येते. प्रयोगशाळा सांभाळणारे, संगणक दुरुस्तीचे दुकान चालवणारे, सेवा केंद्रात लोकांची कागदपत्रे हाताळणारे आणि सायबर तपासाचे काम नव्याने शिकणारे, अशा सर्वांना ही पद्धत यावी, या हेतूने ती येथे पायरीपायरीने मांडत आहे.

हॅश म्हणजे नेमके काय

हॅश ही एक गणिती प्रक्रिया आहे. तिच्यात कोणत्याही लांबीची माहिती घातली, मग ती चार अक्षरांची चिठ्ठी असो किंवा चार जीबींची आयएसओ फाइल (संपूर्ण डिस्कची एका फाइलीत साठवलेली प्रत) असो, की ठरलेल्या लांबीचे एक उत्तर बाहेर येते. हे उत्तर ० ते ९ हे अंक आणि ‘ए’ ते ‘एफ’ ही सहा रोमन अक्षरे, अशा १६ चिन्हांत लिहिले जाते. तीच माहिती पुन्हा घातली तर जगातील कोणत्याही संगणकावर तेच उत्तर येते. माहितीतील एक बिट, म्हणजे ० किंवा १ एवढा सर्वांत लहान कण, जरी बदलला तरी उत्तरातील सुमारे निम्मे बिट बदलतात, त्यामुळे जुन्या आणि नव्या उत्तरात काहीही साम्य दिसत नाही. आणि उत्तरावरून मूळ माहिती उलटी काढता येत नाही.

हे वाचून सोडून देऊ नये, हाताने करून पाहावे. नोटपॅडमध्ये ‘मराठवाडा’ एवढा एकच शब्द लिहून फाइल साठवावी आणि तिचा हॅश काढावा. मग फाइलचे नाव बदलून पुन्हा काढावा: हॅश तोच येईल, कारण फाइलचे नाव आणि तारीख हे फाइलच्या आशयाचा भाग नसतात, त्यांची नोंद बाहेर असते. आता शब्दाच्या शेवटी केवळ एक पूर्णविराम देऊन फाइल साठवावी: संपूर्ण हॅश बदललेला दिसेल. हा प्रयोग मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याकडून पहिल्याच दिवशी करून घेत असे, कारण फाइलचे नाव बदलून ती ‘वेगळी’ होते, हा गैरसमज त्याशिवाय जात नाही.

कोणता हॅश वापरावा

तीन नावे वारंवार भेटतील. एमडी-५ ही पद्धत रोनाल्ड रिव्हेस्ट यांनी तयार केली आणि ती १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे उत्तर १२८ बिटांचे, म्हणजे ३२ चिन्हांचे असते. शा-१ (रोमन लिपीत एस, एच, ए) ही १९९५ ची, १६० बिटांची म्हणजे ४० चिन्हांची. शा-२५६ ही २००२ च्या अमेरिकी मानकातील, ६४ चिन्हांची. कोणी नुसता हॅश पाठवला आणि पद्धत सांगितली नाही, तर चिन्हे मोजून ती बहुतेक वेळा ओळखता येते.

नवीन कामासाठी शा-२५६ वापरावी. यामागचे कारण नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण ‘एमडी-५ तुटली आहे’ एवढेच वाक्य ऐकून अनेक जण चुकीचा निष्कर्ष काढतात. दोन वेगवेगळ्या फाइलींचा हॅश एकच यावा, याला टक्कर म्हणतात. चिनी गणितज्ञ वांग शियाओयुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एमडी-५ ची टक्कर घडवून दाखवली. २०१२ मध्ये उघडकीस आलेल्या ‘फ्लेम’ या हेरगिरीच्या प्रोग्रामने हीच कमजोरी वापरून मायक्रोसॉफ्टच्या नावाचे खोटे प्रमाणपत्र बनवले होते. शा-१ च्या बाबतीत २३ फेब्रुवारी २०१७ रोजी अॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेने आणि गूगलने मिळून मजकूर वेगळा पण हॅश एक, अशा दोन पीडीएफ फाइली प्रसिद्ध केल्या. निस्ट या अमेरिकी मानक संस्थेने २०३० च्या अखेरपर्यंत शा-१ पूर्णपणे सोडून देण्याचे जाहीर केले आहे.

परंतु टक्कर घडवणारा माणूस दोन्ही फाइली स्वतःच घडवत असतो. आधीपासून अस्तित्वात असलेल्या, दुसऱ्याने बनवलेल्या फाइलशी हॅश जुळेल अशी नवी फाइल तयार करणे हे वेगळे आणि फार अवघड काम आहे, आणि ते एमडी-५ च्या बाबतीतही आजवर व्यवहारात कोणी करून दाखवलेले नाही. म्हणून जुन्या याद्यांमधील एमडी-५ वरून फाइल ओळखणे निरर्थक ठरत नाही. मात्र जेथे समोरचा माणूस फसवण्याच्या तयारीने बसलेला असू शकतो, तेथे एमडी-५ किंवा शा-१ यांच्यावर एकट्यावर विसंबू नये. जुन्या यादीशी जुळवायचे असेल तर एमडी-५ आणि शा-२५६ दोन्ही काढून ठेवावेत. यंत्राला त्यासाठी फार वेळ लागत नाही.

हॅश काढणे

यासाठी कोणतेही नवे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही. पुढील आज्ञा येथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. संगणकावर त्या रोमन लिपीत टाइप कराव्यात.

विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘सर्टयुटिल’ हा शब्द लिहावा, एक जागा सोडून आडव्या रेघेसह ‘हॅशफाइल’ लिहावे, त्यानंतर अवतरणचिन्हांत फाइलचा पूर्ण पत्ता द्यावा आणि शेवटी ‘शा२५६’, म्हणजे एस, एच, ए आणि २५६, असे लिहावे. शेवटचा शब्द विसरल्यास ही आज्ञा मुकाट्याने शा-१ काढते, आणि मग ४० चिन्हांचे उत्तर ६४ चिन्हांच्या उत्तराशी जुळत नाही म्हणून नवखा माणूस उगाच घाबरतो. पॉवरशेल या विंडोजमधीलच आज्ञा लिहिण्याच्या दुसऱ्या खिडकीत ‘गेट-फाइलहॅश’ आणि पुढे फाइलचा पत्ता एवढे पुरते. तेथे काहीही न सांगता शा-२५६ हीच पद्धत वापरली जाते. लिनक्सवर ‘शा२५६सम’ ही आज्ञा असते, आणि मॅकवर ‘शासम’ लिहून पुढे आडव्या रेघेसह ‘ए’ आणि २५६ लिहावे लागते.

पॉवरशेल मोठ्या लिपीतील रोमन अक्षरे छापते, इतर आज्ञा छोट्या लिपीतील. विंडोज ७ वरील सर्टयुटिल तर दर दोन चिन्हांनंतर जागा सोडत असे. हे फरक केवळ लिहिण्याचे आहेत, हॅश तोच असतो. जुळवणी डोळ्यांनी करू नये. पहिली चार आणि शेवटची चार चिन्हे पाहून ‘जुळले’ म्हणण्याची सवय मी अनुभवी माणसांतही पाहिली आहे. पॉवरशेलमध्ये दोन्ही हॅश वेगवेगळ्या अवतरणचिन्हांत लिहून मध्ये आडव्या रेघेसह ‘इक्यू’ लिहिले, की ते ‘ट्रू’ किंवा ‘फॉल्स’ असे स्पष्ट उत्तर देते, आणि लहानमोठ्या लिपीचा फरक स्वतःच बाजूला ठेवते.

एक हॅश पाठ असावा असा आहे: रिकाम्या फाइलचा. शा-२५६ चे उत्तर ‘ई३बी०सी४४२’ असे सुरू झाले, किंवा एमडी-५ चे ‘डी४१डी८सीडी९’ असे, तर समोरची फाइल शून्य बाइटांची असल्याची शक्यता आधी तपासावी. मध्येच वीज गेल्यावर अशी अर्धवट डाउनलोड झालेली फाइल नावापुरती फोल्डरमध्ये राहते, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात हे हमखास घडत असे.

कशाशी जुळवायचे

नुसता हॅश काढून काहीच कळत नाही. तो कशाशी तरी जुळवावा लागतो, आणि या कामातील खरा विचार येथेच आहे. हॅशचे गणित पक्के असते. कच्ची असू शकते ती आपल्या हातातील यादी.

पहिला आधार म्हणजे सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने स्वतः प्रसिद्ध केलेला हॅश. उबुंटू, डेबियन, लिब्रेऑफिस यांसारखे प्रकल्प डाउनलोडच्या शेजारीच शा-२५६ ची यादी देतात. पण फाइल आणि हॅश एकाच पानावरून घेतले, आणि त्या पानावरच कोणी हात मारलेला असला, तर दोन्ही बदललेले असू शकतात. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरी झाली आणि मिंट १७.३ सिनॅमनच्या डाउनलोडची लिंक, मागील दार (घुसखोराला गुपचूप आत येण्याची वाट) बसवलेल्या आयएसओकडे वळवण्यात आली. म्हणूनच मोठे प्रकल्प हॅशच्या यादीवर जीपीजी पद्धतीची डिजिटल सहीसुद्धा देतात. ती सही तपासण्याची खटपट एकदा शिकून घ्यावी, कारण घुसखोराला पानावरील हॅश बदलता येतो, पण प्रकल्पाची खासगी किल्ली, म्हणजे सही करण्यासाठी गुप्त ठेवलेली फाइल, हाती असल्याशिवाय सही करता येत नाही.

आणि सही जुळली म्हणजे फाइल निर्धोक झाली, असेही नाही. २०१७ मध्ये सीक्लीनर या लोकप्रिय प्रोग्रामची ५.३३ ही आवृत्ती कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवरून, कंपनीच्याच वैध सहीसह वितरित झाली, आणि तिच्या आत घातक कोड होता. ऑगस्टमध्ये आलेली ही आवृत्ती सदोष असल्याचे १८ सप्टेंबर रोजी जाहीर झाले. त्या काळात कोणी हॅश जुळवला असता तर तो अचूक जुळला असता. हॅश ‘ही तीच फाइल आहे’ एवढेच सांगतो. ‘ती फाइल चांगली आहे’ हे त्याने कधीही सांगितलेले नसते. ही एक गोष्ट मनात पक्की ठेवून पुढील पायऱ्या वाचाव्यात.

मोठी यादी: एनएसआरएल

एक फाइल तपासणे सोपे असते. पण तपासासाठी आलेल्या साध्या विंडोज संगणकावर काही लाख फाइली असतात, आणि त्यांतील बहुसंख्य फाइली विंडोजच्या, ऑफिसच्या, ब्राउझरच्या असतात. त्या प्रत्येकीकडे पाहत बसले तर खरे काम कधीच सुरू होणार नाही. यासाठी निस्टने नॅशनल सॉफ्टवेअर रेफरन्स लायब्ररी, संक्षेपाने एनएसआरएल, हा संग्रह चालवला आहे. तेथे सॉफ्टवेअरच्या मूळ प्रती मिळवून जपल्या जातात, त्यांच्या आतील फाइली सुट्या करून प्रत्येकीचा हॅश काढला जातो, आणि हॅश, फाइलचे नाव, आकार व ती कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये आढळली याची यादी सर्वांसाठी विनामूल्य प्रसिद्ध केली जाते. या यादीला रेफरन्स डेटा सेट, म्हणजे आरडीएस म्हणतात; तिच्या नव्या आवृत्त्या नियमितपणे येत राहतात.

आरडीएस पूर्वी मजकुराच्या फाइलीत येत असे, आता ती एसक्यूलाइट डेटाबेसच्या रूपात येते, आणि तिच्यात एमडी-५ व शा-१ यांच्यासोबत शा-२५६ सुद्धा असते. नवख्याने ‘मॉडर्न’ संचाची ‘मिनिमल’ आवृत्ती घ्यावी. तिच्यात प्रत्येक फाइल एकदाच येते, त्यामुळे ती आटोपशीर असते. पण त्यामुळेच तिच्यात दिसणारे सॉफ्टवेअरचे नाव हे अनेकांपैकी एक असते, हे लक्षात ठेवावे. एकच डीएलएल फाइल (अनेक प्रोग्रामना वापरता येणारा कोडचा सामायिक भाग) शंभर प्रोग्राममध्ये असू शकते, आणि मिनिमल यादी त्यांतील एकाचेच नाव सांगेल. केवळ त्या नावावरून ‘या संगणकावर अमुक प्रोग्राम होता’ असे कधीही लिहू नये. डाउनलोड करण्यापूर्वी डिस्कवर मोकळी जागा किती आहे ते पाहावे, आणि तालुक्याच्या ठिकाणी असाल तर ही यादी रात्री उतरवण्यास लावावी.

यादी वापरण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ऑटोप्सी हा विनामूल्य तपास प्रोग्राम. त्याच्या हॅश लुकअप या भागात एनएसआरएलचा संच जोडता येतो. त्यानंतर डिस्कची प्रतिमा, म्हणजे तिची बिट न् बिट घेतलेली प्रत, तपासायला घातली की ओळखीच्या फाइलींवर ‘नोन’ अशी खूण पडते आणि त्या पडद्यावरून लपवता येतात. उरलेल्या फाइली म्हणजे वापरकर्त्याची कागदपत्रे, छायाचित्रे, सेटिंग, आणि यादीला माहीत नसलेले प्रोग्राम. तपास येथून सुरू होतो. एकदोन हॅशच पाहायचे असतील, तर लक्झेंबर्गच्या सर्कल या संस्थेची हॅशलुकअप सेवा आहे. तिच्यात एनएसआरएलसह इतरही संग्रह एकत्र आहेत आणि नुसता हॅश देऊन विचारता येते.

एनएसआरएलच्या यादीत ‘नोन’ हा शब्द जाणीवपूर्वक वापरलेला आहे. ही चांगल्या सॉफ्टवेअरची यादी नाही. पासवर्ड फोडण्याची, माहिती लपवण्याची साधनेही तिच्यात आहेत, कारण तीही प्रसिद्ध झालेली सॉफ्टवेअरच आहेत. ‘नोन’ दिसले म्हणून डोळे मिटून फाइल लपवणाऱ्या तपासनिसाच्या हातून नेमके हेच निसटते. म्हणून लपवण्यापूर्वी निदान एकदा, कोणत्या सॉफ्टवेअरच्या नावाने फाइली जुळल्या आहेत, याची यादी वाचून घ्यावी.

व्हायरसटोटलचा वापर आणि एक इशारा

संशयास्पद फाइलसाठी व्हायरसटोटलवर हॅश शोधता येतो. ही सेवा २००४ मध्ये स्पेनमध्ये सुरू झाली आणि २०१२ मध्ये गूगलने घेतली. अनेक अँटिव्हायरस प्रोग्रामनी त्या फाइलविषयी काय म्हटले आहे, ती पहिल्यांदा कधी दिसली, कोणत्या नावांनी फिरली, हे सर्व तेथे दिसते. सवय व्हावी म्हणून ईकार या नावाची ६८ बाइटांची निरुपद्रवी चाचणी फाइल घेऊन तिचा हॅश शोधून पाहावा. तिचा एमडी-५ ‘४४डी८८६१२’ असा सुरू होतो.

इशारा असा की आधी हॅशच शोधावा, फाइल चढवू नये. चढवलेली फाइल त्या सेवेच्या इतर सदस्यांना मिळू शकते. सेवा केंद्रात येणाऱ्या शेतकऱ्याच्या पीकविम्याचा अर्ज, सातबारा, आधारची प्रत अशा फाइली ‘व्हायरस आहे का पाहू’ म्हणून चढवणे हा त्या माणसाच्या विश्वासाचा भंग आहे, आणि तो आपल्या हातून अजाणतेपणीही होऊ नये. हॅश पाठवल्याने मात्र फाइलमधील मजकूर कोणाकडे जात नाही.

लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सअॅपवर एपीके फाइल (अँड्रॉइड फोनवर अॅप बसवणारी फाइल) पाठवून फसवणूक करण्याचे प्रकार आता खेड्यापाड्यांपर्यंत पोचले आहेत. अशी फाइल कोणी आणून दाखवली तर ती फोनवर उघडू न देता संगणकावर घ्यावी आणि तिचा हॅश शोधावा. सापडला आणि घातक ठरला, तर प्रश्न मिटला. पण सापडलाच नाही, तर ‘मग ठीक आहे’ असे सांगू नये. फसवणारे लोक दर काही दिवसांनी फाइलमध्ये थोडा बदल करतात, आणि एक बिट बदलला तरी हॅश नवा होतो, हे आपण पहिल्याच प्रयोगात पाहिले आहे. कोणाचे पैसे गेलेच असतील तर हॅशमध्ये वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर लगेच फोन करायला लावावा.

स्वतःची यादी

माझ्या मते प्रयोगशाळा किंवा कार्यालय सांभाळणाऱ्याला सर्वांत जास्त उपयोग होतो तो स्वतः बनवलेल्या यादीचा. मराठी टायपिंगचा एखादा छोटा प्रोग्राम, स्थानिक विकसकाने पतसंस्थेसाठी लिहिलेले हिशेबाचे सॉफ्टवेअर, या गोष्टी जगाच्या यादीत सापडतीलच असे नाही. आपल्या संगणकावर काय असायला हवे, हे आपल्यालाच माहीत असते.

नव्याने बसवलेला, अद्ययावत केलेला, अजून कोणाच्या हाती न दिलेला एक संगणक निवडावा. पॉवरशेलमध्ये ‘गेट-चाइल्डआयटम’ या आज्ञेला आडव्या रेघेसह ‘रिकर्स’ आणि ‘फाइल’ हे शब्द जोडावेत, तिचे उत्तर उभ्या रेघेने ‘गेट-फाइलहॅश’ कडे आणि तेथून पुन्हा उभ्या रेघेने ‘एक्स्पोर्ट-सीएसव्ही’ कडे द्यावे. प्रोग्राम फाइल्सच्या फोल्डरमधील प्रत्येक फाइलचा पत्ता आणि हॅश एका तक्त्यात उतरेल. संपूर्ण ड्राइव्हचा तक्ता काढायचा झाल्यास काही फाइली विंडोज चालू असताना वाचताच येत नाहीत, उदाहरणार्थ पेजफाइल आणि रजिस्ट्रीच्या मूळ फाइली. तेथे लाल अक्षरांत चुका दिसतील, त्यांना घाबरू नये. हा तक्ता त्या संगणकावर ठेवू नये. जो संगणक बिघडवू शकतो तो तक्ताही बिघडवू शकतो, म्हणून तो सीडीवर किंवा कुलपातील पेन ड्राइव्हवर ठेवावा, आणि तक्त्याचा स्वतःचा हॅश वहीत शाईने लिहून ठेवावा.

दोन महिन्यांनी तसाच नवा तक्ता काढून ‘कंपेअर-ऑब्जेक्ट’ या आज्ञेने जुन्याशी जुळवावा. लिनक्सवर हेच काम ‘शा२५६सम’ ला आडव्या रेघेसह ‘सी’ जोडून होते. पण ही आज्ञा यादीतील फाइलीच तपासते, यादीत नसलेली नवी फाइल कोणी आणून टाकली असेल तर तिच्याविषयी एक शब्दही बोलत नाही. माझी स्वतःची एकदा यात फसगत झाली: सगळीकडे ‘ओके’ पाहून मी निश्चिंत झालो आणि विद्यार्थ्यांनी टाकलेला खेळांचा आख्खा फोल्डर तसाच राहिला. हॅशडीप या प्रोग्रामची ऑडिट पद्धत वापरली तर नव्या, हरवलेल्या आणि जागा बदललेल्या फाइलीही वेगवेगळ्या सांगितल्या जातात. जेसी कॉर्नब्लम यांनी तो लिहिला असून तो विनामूल्य मिळतो.

जुळले नाही, म्हणजे काय

न जुळण्याची कारणे बहुतांशी साधी असतात, आणि ती एकेक करून बाजूला सारावीत. आधी आकार पाहावा. प्रसिद्ध आकारापेक्षा कमी असेल तर डाउनलोड अर्धवट आहे. मग आवृत्ती पाहावी: ३२ बिटांची आणि ६४ बिटांची फाइल वेगळी असते, इंग्रजी आणि हिंदी आवृत्तीही वेगळी असते. मायक्रोसॉफ्टची सुरक्षा अद्यतने दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, त्यामुळे त्या आठवड्यात प्रणालीच्या अनेक फाइली ‘अनोळखी’ दिसणे स्वाभाविक आहे. मजकुराच्या फाइली विंडोज आणि लिनक्स यांच्यात हलवताना ओळीच्या शेवटची अदृश्य चिन्हे बदलू शकतात. वर्डची फाइल उघडून काहीही न बदलता पुन्हा साठवली तरी तिच्या आतील नोंदी बदलतात. व्हॉट्सअॅपवर छायाचित्र म्हणून पाठवलेले चित्र पुन्हा दाबून लहान केले जाते, म्हणून त्याचा हॅश मूळ चित्राशी कधीच जुळणार नाही.

ही सर्व कारणे तपासूनही उत्तर मिळाले नाही, तर विंडोजवर फाइलच्या प्रॉपर्टीज उघडून डिजिटल सिग्नेचर हा भाग पाहावा, आणि तीच आवृत्ती बनवणाऱ्याच्या मूळ ठिकाणाहून नव्याने उतरवून दोन्हींचे हॅश शेजारी ठेवावेत. एवढ्यावरही फरक उरला, तर ती फाइल चालवू नये आणि पुसूनही टाकू नये. झिप करून बाजूला ठेवावी, कारण पुढे तपास झाला तर तीच हवी असते.

नोंद कशी ठेवावी

प्रत्येक तपासणीची नोंद तारीख, वेळ, फाइलचा पत्ता, आकार, पद्धतीचे नाव, पूर्ण हॅश, कोणत्या यादीच्या कोणत्या आवृत्तीशी जुळवला आणि निकाल, एवढ्या तपशिलांसह ठेवावी. हॅश हाताने उतरवू नये, नेहमी कॉपी करावा. शून्य आणि रोमन ‘ओ’ यांची गल्लत टाळण्याचा दुसरा मार्ग नाही, आणि हॅशमध्ये ‘ओ’ हे अक्षर कधीच नसते एवढे तरी लक्षात ठेवावे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मुळे या नोंदीला न्यायालयातही वजन आले आहे. त्याच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुरावा सादर करताना जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्याचा नमुना अधिनियमाच्या अनुसूचीत आहे, आणि त्यात हॅशचे मूल्य व ते कोणत्या पद्धतीने काढले, हे लिहिण्याची जागा दिलेली आहे: शा-१, शा-२५६, एमडी-५ आणि इतर असे पर्याय तेथे छापलेले आहेत. प्रमाणपत्राचा भाग ‘अ’ पुरावा सादर करणाऱ्याने आणि भाग ‘ब’ तज्ज्ञाने भरायचा असतो. दुकानातील सीसीटीव्हीचे चित्रीकरण किंवा फसव्या एपीकेची प्रत पोलिसांना द्यायची वेळ आली, तर फाइल हातावेगळी करण्यापूर्वीच तिचा शा-२५६ काढावा, शक्यतो दुसऱ्या व्यक्तीसमोर काढावा, ज्या पेन ड्राइव्हवर प्रत दिली त्यावरील फाइलचाही पुन्हा काढून दोन्ही एक असल्याची खात्री करावी, आणि तोच ६४ चिन्हांचा हॅश आपल्या पोचपावतीवर लिहून घ्यावा.